स्टिरिओचं बटण आणि माझं फडकं

मी एका चांगल्या माणसाचा कान बिघडवला, आणि तोही फडक्यानं. मऊ, पिवळं, फलाटीनचं फडकं होतं ते. रोज सकाळी अंघोळ झाली की देवपूजेच्या आधी मी ते हातात घेऊन घरभर हिंडायचे आणि स्वतःला अख्ख्या उस्मानपुऱ्यातली एकमेव टापटीप बाई समजायचे. त्या टापटिपीनं माझ्या नवऱ्याचं आवडीचं काम गेलं, त्यांचं गाणं गेलं, आणि हे असं झालंय याचा पत्ता मला अर्धं आयुष्य उलटल्यावर लागला.

आता हे उकरून काढायचं कारण माझी नात. ती वाळूजला कंपनीत नोकरी करते. मागच्या महिन्यात तिनं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आणलं. यंत्र नवंकोरं, पण जुनं दिसावं म्हणून जास्त पैसे घेतात म्हणे. मला हाताला धरून त्याच्यासमोर बसवलं आणि म्हणाली, "आजी, याला व्हायनिल म्हणतात. तुला माहितीय का?"

मी म्हटलं, "नाही बाई. आमच्या काळी आम्ही दगडावर दगड आपटून गाणं ऐकायचो."

ती हसली आणि दोन्ही स्पीकर एकाच फळीवर, एकमेकांना चिकटवून ठेवायला लागली. मला राहवलं नाही. "अगं, लांब लांब ठेव. दोघांच्या मधे बाईला उभं राहायला जागा नको का?"

"कोण बाई?"

"गाणारी."

तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. "हे तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या आजोबांनी."

"पण आजोबा तर गाणी ऐकायचेच नाहीत. टीव्हीवर गाणं लागलं की उठून जायचे."

यावर मी काहीतरी फालतू बोलून वेळ मारून नेली. पण पोरीनं म्हटलं ते खरं होतं. तिच्या आठवणीतला आजोबा हा गाण्यावरून उठून जाणारा माणूस होता. तो माणूस तसा नव्हता, हे सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. आणि त्याला तसं कुणी केलं, तेही माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

लग्न झालं तेव्हा ते गुलमंडीवरच्या एका दुकानात रेडिओ मेकॅनिक होते. गाव गंगापूरकडचं, घरी शेती. भावांनी नांगर धरला, यांनी कावीळ झालेल्या माणसासारखं पिवळं पडलेलं एक रेडिओदुरुस्तीचं पुस्तक धरलं आणि शहरात आले. दुकानात रेडिओ, ग्रामोफोन आणि रेकॉर्डी. मालक निजामाच्या काळापासूनचे दुकानदार, त्यांचं बोलणं दखनी, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांना सगळे नुसतं मालक म्हणायचे, म्हणून मीही इथं तेवढंच म्हणते.

आणि मी कोण? मी दहावी नापास, पण तोरा असा की पास झालेल्यांनी लाजावं. जीभ कात्रीसारखी. कुणाचीही नक्कल करायची, ही माझी एकुलती एक कला. वाड्यावस्तीवरून आलेल्या पाहुण्याची चाल, घरमालकीण काकूंचं नाकातून बोलणं, काय म्हणाल ते. बाया पोट धरून हसायच्या आणि मला वाटायचं, आपण म्हणजे कोण. नवऱ्याच्या एक आत्या होत्या, दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेलो आणि परत आल्यावर मी त्या आत्यांची नक्कल केली. "काय? मीठ? पीठ? कुणाची पाठ?" असं हात कानाशी नेऊन. काकू हसून हसून रडल्या. हेही हसले. त्यांचं हसणं जरा उशिरा सुरू झालं, एवढंच मला आज आठवतं. तेव्हा दिसलं नव्हतं.

तर स्टिरिओ. आजच्या पोरांना हा शब्द म्हणजे काहीच नाही, पण आमच्याकडं तो आला तेव्हा नवरदेवासारखा आला. त्याआधी गाणं एका खोक्यातून यायचं. लाखेच्या जड तबकड्या असायच्या, हातातून पडली की कौलासारखी फुटायची. मग न फुटणाऱ्या मोठ्या रेकॉर्डी आल्या, एका बाजूला पाच-सहा गाणी. आणि मग एक दिवस वेष्टनाच्या माथ्यावर ठसठशीत इंग्रजी अक्षरांत 'स्टिरिओ' छापलेल्या रेकॉर्डी दुकानात आल्या. त्यांना दोन खोकी लागायची. गिऱ्हाईकं संशयानं बघायची. एक गाणं, एक गाणारी, मग खोकी दोन कशाला? कंपनीचा विक्री वाढवायचा डाव असणार, असं पुष्कळ जणांचं मत होतं. माझंही.

काही जण रेकॉर्ड नवी घ्यायचे आणि घरच्या जुन्याच यंत्रावर वाजवायचे. जुन्या यंत्राची सुई जड. तिला फक्त आडवं हलायचं माहीत. स्टिरिओच्या खाचेत आवाज उभासुद्धा कोरलेला असतो, तो ती सुई खरवडून काढायची. पाच-दहा वेळा वाजवली की गाणाऱ्या बाईचा घसा बसायचा आणि गिऱ्हाईक रेकॉर्ड परत आणून मालकांच्या अंगावर टाकायचं. मग हे प्रत्येकाला समजावत बसायचे. मलाही समजावलं होतं. त्यांची सांगायची पद्धत शेतकऱ्याची.

"तास कसं असतं नांगराचं, मातीत पडल्याला चर? त्याला दोन कडा असतात का नाय? ह्या कडेला एक आवाज कोरल्याला, त्या कडेला दुसरा. सुई मधून चालती आन् दोन्हीकडचं एकदमच ऐकती."

मी म्हटलं, "म्हणजे माझ्यासारखीच. एक कान सासूकडं, एक शेजारी."

"व्हय," ते म्हणाले, "पण सुई मधे बोलत नाय."

मालकांना दुकानाच्या माडीवर एक वेगळी खोली करायची होती. जाड पडदे, गालिचा, मधोमध एक खुर्ची. गिऱ्हाईकाला खुर्चीत बसवायचं, स्टिरिओ ऐकवायचा, आणि मग विकायचा. औरंगाबादेत तसं काही नव्हतं. ती खोली सांभाळायला कान तयार असलेला माणूस हवा होता, आणि मालकांनी यांना निवडलं होतं. दिवाळीच्या पाडव्याला खोली उघडायची ठरली. हे त्या दिवशी घरी आले ते जिना चढताना शीळ घालत. आमच्या घराण्यात शीळ घालणं म्हणजे वाया जाण्याचं लक्षण, म्हणून मी आधी ओरडले आणि मग बातमी ऐकली.

कान तयार करायला म्हणून त्यांनी घरीच एक सेट जोडला. दुकानातले सुटे भाग, सुताराकडून करून घेतलेली प्लायवूडची दोन खोकी, मधे रेकॉर्ड फिरवायची थाळी आणि अँप्लिफायर. आवाजाचं एक मोठं बटण आणि त्याच्या शेजारी ओळीत तीन लहान बटणं. बाजारात सुटी मिळालेली साधी काळी गोल बटणं होती ती. त्यांच्यावर पांढरी रेघ नाही, आकडा नाही. बुडाशी एका बाजूला इवलासा स्क्रू, बटण दांड्यावर घट्ट बसावं म्हणून. तिसरं बटण बॅलन्सचं. डावीकडं फिरवलं की डावं खोकं मोठ्यानं, उजवीकडं फिरवलं की उजवं; स्क्रू बरोबर खाली असला की दोन्ही सारखी.

दसऱ्याला सेट पुरा झाला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अर्धवट असतानाच आम्ही त्याची पूजा केली होती. त्यांच्या डाग द्यायच्या कैयेला, पक्कडीला आणि त्या अँप्लिफायरला मी हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. जागा नव्हती म्हणून तो सेट देवघराच्या शेजारच्याच फळीवर होता. मग मला वाटायला लागलं, हीसुद्धा लक्ष्मीच. देवांवरून फिरणारं फडकं मी रोज तिच्यावरूनही फिरवायला लागले.

दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांनी मालकांकडून मागून आणलेली नमुन्याची रेकॉर्ड लावली. त्यात गाणं नव्हतंच आधी. आगगाडी होती. डाव्या खोक्यातून निघाली, धडधडत खोलीच्या मधोमध आली आणि उजवीकडं खिडकीतून गेली. घरमालकीण काकूंनी देवाचं नाव घेतलं. मी पाय वर घेतले. शहरातली शिकलेली सून म्हणवून घेणारी मी, नुसत्या आवाजाच्या आगगाडीखाली पाय येतील म्हणून पाय वर घेऊन बसले. त्यानंतर कुणीतरी चेंडू इकडून तिकडं टोलवला तेव्हा काकूंची मान घड्याळाच्या लंबकासारखी हलत होती. मी ती नक्कल पुढं वर्षभर केली. माझ्या पायांची नक्कल करणारं तिथं कुणी नव्हतं हे माझं नशीब.

गाडीच्या मागून गाणी होती. सुरुवातीच्या त्या स्टिरिओत सगळं कसं टोकाला असायचं, सतार पार त्या कोपऱ्यात, तबला पार ह्या कोपऱ्यात, आणि गाणारी बाई मधे. हे दोरी घेऊन अंतर मोजायचे, बरोबर मधे खुर्ची ठेवायचे, डोळे मिटायचे. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं.

"बाई कॅलेंडरपुढं उभी राहिली पायजे," ते मला सांगायचे. "तिथं दिसली म्हणजे सेट बरोबर. जरा जरी सरकली, तरी चूक."

मी बसून बघितलं. खरोखर, डोळे मिटले की आवाज कॅलेंडरच्या जागी. मी काकूंना जाऊन सांगितलं, "आमच्या घरात रोज संध्याकाळी एक बाई येते. हे डोळे मिटून तिला बघतात." ही बातमी दोन दिवसांत गल्लीभर गेली. हे दळण आणायला गेले तरी लोक विचारायचे, आली होती का बाई? ते हसून मान हलवायचे.

आता फडक्याकडं येते.

मला ओळीत न बसलेली वस्तू सोसत नाही. देव्हाऱ्यातले टाक एका रेषेत, डब्यांची झाकणं एका रेषेत. फडकं फिरवताना माझ्या लक्षात आलं की तीन बटणांपैकी दोघांचे स्क्रू बरोबर खाली आहेत आणि तिसऱ्याचा तेवढा वाकडा, बाजूला गेलेला. मी तो फिरवून खाली आणला. तिन्ही स्क्रू सरळ. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पुन्हा वाकडा. मला वाटलं, बटण ढिलं असेल. पुन्हा सरळ केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा वाकडा, पुन्हा सरळ. दिवाळीची साफसफाई चालू होती, माझ्या अंगात नुसती चैतन्याची लाट. हे काय आहे, कशाला आहे, एका शब्दानं विचारलं नाही. बटण सरळ केलं की मला बरं वाटायचं आणि मी फुलं वाहायला पुढं जायचे.

मला माहीत नव्हतं ते असं. त्यांचा डावा कान लहानपणी वाहायचा. विहिरीत पोहून पोहून झालेलं. त्या कानानं थोडं कमी ऐकू यायचं, फार नाही. एका खोक्याच्या काळात कुणालाच कळलं नसतं, त्यांना स्वतःलाही ते फारसं जाणवत नव्हतं. स्टिरिओनं ते उघडं पाडलं. पहिल्या दिवशी बाई त्यांना कॅलेंडरपुढं न दिसता खिडकीकडं सरकलेली दिसली. त्यांनी डोळे मिटून बॅलन्सचं बटण डावीकडं फिरवलं, बाई मधे आली. त्यांना कळलं, आपला कान थोडा उणा आहे. ठीक. बटण तेवढं डावीकडं ठेवायचं, झालं.

पण दुसऱ्या संध्याकाळी बाई पुन्हा खिडकीकडं. त्यांनी पुन्हा फिरवलं. तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा खिडकीकडं. बटणावर रेघ नव्हती, ते ऐकायचे डोळे मिटून, आणि आपल्या बटणाला रात्रीतून कुणी हात लावेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. मग आधी त्यांनी सेटवर संशय घेतला. खोकी उचलून इकडची तिकडं, तिकडची इकडं केली. बाई खिडकीकडंच. आतल्या तारा उलट जोडल्या. बाई खिडकीकडंच. सेट उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. मी म्हणायचे, "त्या बाईनं तुम्हाला वेड लावलंय. एकदा जाऊ द्या तिला तिच्या घरी, सुटू सगळे."

तेव्हा ते हसले नाहीत. मला वाटलं, थकलेत.

सगळं तपासून झाल्यावर उरला कान. त्यांनी हिशेब केला तो असा: रोज बाई सरकते, म्हणजे रोज कान कमी होतो. आत्यांचंही असंच झालं असेल. तुम्ही म्हणाल, मेकॅनिक माणूस, रोज फिरवूनही बटण टोकाला कसं लागत नाही हे त्याला कळू नये? मीही हेच म्हणाले असते. पण एकदा धाक बसला की माणूस बटणं मोजत नाही. हे सगळं चाललं ते दसरा ते दिवाळी, इतक्यातच.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मालक स्वतः घरी आले. मी चहा केला. आतून ऐकलं, ते म्हणत होते, "नक्को बोलते म्हणजे काय मियां? इत्ता अच्छा काम छोड के गंगापूर में क्या करते तुम?"

हे म्हणाले, "शेतीकडं बघायला लागतंय, मालक. भाऊ एकटा पडतोय."

"कान तुम्हारा खुदा का दिया हुआ है. उसकू खेत में क्या करते?"

त्यावर यांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. मालक कप अर्धा ठेवून गेले. मी बाहेर आले आणि तोंडाचा पट्टा सोडला. खुर्चीत बसून गाणी ऐकायचा पगार मिळत होता, तो सोडून निघाले नांगर धरायला. शहरात आणून मला फसवलं. असं बरंच. ते खाली बघत फरशीवर बोटानं रेघा ओढत होते.

नांगर त्यांनी धरला नाहीच. गंगापुरात मोटारी भरायचं दुकान होतं एकाचं; शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची. तिथं लागले. पुढं स्वतःचं दुकान टाकलं. आम्ही राहिलो इथंच, ते रोज सकाळी एस.टी.नं नाहीतर जीपमधे कोंबून जायचे, संध्याकाळी हाताला वॉर्निशचा वास घेऊन परत. त्या कामाला कान लागत नाही. ती माडीवरची खोली पाडव्याला उघडली. दुसरा एक मेकॅनिक तिथं बसला, त्याचं पुढं चांगलं झालं. हे गुलमंडीवरून जाताना त्या दुकानाच्या समोरच्या बाजूनं चालायचे. मला वाटायचं, मालकांशी काहीतरी बिनसलंय.

सेट त्यांनी चादरीत बांधून माळ्यावर टाकला. मी काकूंना म्हटलं, "उतरलं एकदाचं भूत."

मग झालं असं की कान पुढं कमी झालाच नाही. होणार कसा? जितका होता तितकाच होता. वर्ष गेलं, दोन गेली. बहिरेपणाची वाट बघत बसलेल्या त्या माणसानं यातून एक अर्थ काढला, आणि तो माझ्या फडक्याहून वाईट होता. गाणं ऐकत होतो तेव्हा कान रोज जात होता. गाणं सोडलं, कान थांबला. म्हणजे गाण्यानंच कान खाल्ला. उरलेला राखायचा तर गाण्याजवळ जायचं नाही. म्हणून लग्नात बँड सुरू झाला की हे मांडवाबाहेर. रेडिओ लावला की हे गच्चीवर. मुलगा लहानपणी पेटी शिकायचा म्हणाला, त्यालाही नको म्हणाले. मी चारचौघांत सांगायचे, आमच्या ह्यांना गाण्याचं वावडं आहे, अंगावर पित्त उठतं. लोक हसायचे. माझ्याशी बोलताना ते नेहमी उजवी बाजू माझ्याकडं करून बसायचे, मान जरा तिरकी. मी त्याचीसुद्धा नक्कल करायचे.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगावी लागणार नाही. सगळं उघड झाल्यावर त्यांनी माळ्यावरचा सेट काढला. थाळीचा पट्टा कुजला होता, तो बदलला, उंदरानं कुरतडलेली तार जोडली, आणि एक रेकॉर्ड लावली. खुर्ची मधे ठेवली नाही. डाव्या खोक्याजवळ जमिनीवर बसून एक बाजू ऐकली आणि उठले.

"ऐकलं का?" मी विचारलं.

"ऐकलं."

"कसं वाटलं?"

"वाजतंय चांगलं."

बस. पुन्हा लावला नाही. मला वाटलं होतं, आता रोज ऐकतील, गेलेली सगळी वर्षं भरून काढतील. पण एवढ्या वर्षांत त्यांच्यातला ऐकणारा माणूस कुठंतरी निघून गेला होता. यंत्र दुरुस्त करणं त्यांना जमत होतं, हे जमलं नाही. नंतर ते दहा-बारा वर्षं जगले, दम्यानं गेले. मागच्या पिढीत जसे नवरे जातात तसे, फार न बोलता.

उघड झालं ते असं. मुलाच्या लग्नाची बोलणी चालू होती त्या सुमाराला गंगापुरात शाळेत कानतपासणीचं शिबिर होतं. दुकानाशेजारचा एक जण यांना ओढून घेऊन गेला. संध्याकाळी घरी आले, ते हातपाय न धुताच माझ्यासमोर बसले. मी मेथी निवडत होते.

"डाक्टर म्हणतो, डाव्या कानाच्या पडद्याला जुनं भोक हाय. लहानपणचं. तवापासून तसंच हाय म्हणतो, कमी झालं नाय आन् व्हायचं बी नाय. गाण्याचा काय संबंध नाय म्हणतो."

मला काहीच कळेना. "कोणतं गाणं? कसलं भोक?"

मग त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. बाई, कॅलेंडर, खिडकी. रोज कशी सरकायची, रोज कसं बटण फिरवून तिला मधे आणायचे. "डाक्टर खोटं कशाला बोलंल," ते म्हणाले. "पण मग ती रोज सरकायची कशी? माझं मलाच कळंना झालंय."

मला तीन काळी बटणं दिसली आणि त्यांच्या बुडाशी एका ओळीत लागलेले तीन स्क्रू.

मी त्या दिवशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. स्वयंपाक केला, लग्नाच्या याद्यांवर भांडले, आणि सगळा वेळ हे एकट्यानं त्या कोड्यात बसलेले बघत राहिले. जेवताना मधेच हात थांबायचा. माझ्या आयुष्यात मला दुसऱ्याच्या डोक्यातलं दिसलं ते तेवढंच, आणि तेही बघवेना. सांगितलं तर या माणसाला कळणार की त्याचं सगळं गेलं ते उगाच गेलं. नाही सांगितलं तर तो मरेपर्यंत स्वतःच्या कानावर संशय घेत बसणार. अशा वेळी शहाणी बाई काय करते मला माहीत नाही. मी रविवारची वाट बघितली.

रविवारी ते ओट्यावर शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसले होते. मी समोर जाऊन बसले आणि सांगितलं. फडकं, देवपूजा, स्क्रू.

त्यांनी मिक्सरमधला एक स्क्रू काढला आणि विचारलं, "रोज?"

"रोज."

"सणाच्या दिवशी बी?"

"सणाच्या दिवशी तर आधी."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, मोरीत जाऊन हात धुतले, धोतराला पुसले आणि परत तिथंच येऊन बसले. समोर रस्त्यावरून कुणी ओळखीचं गेलं, त्याला हात केला. माझ्याकडं बघितलंच नाही.

आणि अशा वेळीसुद्धा माझी जीभ गप्प बसली का? नाही. मला त्या गप्पपणाचं ओझं पेलेना, म्हणून थोडं त्यांच्या पदरात टाकायला गेले. म्हटलं, "एवढं मनात होतं तर मला एका शब्दानं का नाही सांगितलं? बाई सरकते म्हणाला असतात, तर मी तिथल्या तिथं सांगितलं असतं की बटण मी फिरवते. दोन मिनिटांचं काम. तुम्हीच तोंड शिवून बसलात."

त्यांनी मान जरा तिरकी केली, उजवी बाजू माझ्याकडं, आणि साध्या आवाजात, रागबिग काही नाही, म्हणाले:

"आलतो की सांगायला. दोन-तीनदा आलतो, पार स्टोव्हपाशी. तू हसशील म्हणून पाणी पिऊन माघारी गेलो."